रूपरावजी मैदानाबाहेर बसले

सिंदी रेल्वेत रूपराव झाडे म्हटलं की लोकांना आधी आवाज आठवे, मग माणूस. ते गावातल्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. रुई आणि सरकी वेगळी करणारे बारा रेचे एका शेडमध्ये एकदम चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. पण रूपरावजींनी या टोकाहून "पट्टा उतरव" म्हटलं की त्या टोकाचा माणूस पट्टा उतरवी. वर्षानुवर्षं त्या गोंगाटात काम करून त्यांचा आवाज तसाच झाला होता. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून मीठ येईल, असं त्यांची बायको धुरपताबाई म्हणत.

तरुणपणी अजनीच्या रेल्वे शेडमध्ये उमेदवारी करताना ते फुटबॉल शिकले. चौसष्ट साली गावी परतले आणि त्यांनी जयहिंद मंडळाचा संघ उभा केला. जिनाच्या मागं मोकळी जागा होती. दिवाळीनंतर तिथं कापसाच्या बैलबंड्या उभ्या राहत, म्हणून आमचा फुटबॉल पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंतच. चाकोऱ्या बुजवायच्या, सांडलेली सरकी झाडायची, चुना मारायचा. ही सगळी कामं रूपरावजी स्वतः करत. फाटलेला चामडी बॉल ते मेणाच्या दोऱ्यानं असा शिवत की टाका हाताला लागत नसे. एकदा आमच्या हाफचं ढोपर सरकलं, तेव्हा त्याला सायकलच्या मागं बसवून ते थेट सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत गेले होते.

मी त्या संघात डावा बॅक होतो. नोकरी पोस्टात. रूपरावजींवर आमचा सगळ्यांचा जीव होता. पुढं जे घडलं ते सांगताना हे आधी सांगायला पाहिजे, कारण नाहीतर ते वाईट माणूस होते असं वाटेल. ते तसे नव्हते.

जिल्ह्याची ढाल तेव्हा दर सप्टेंबरात पुलगावला खेळली जाई. सत्त्याहत्तर साली आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो. समोर हिंगणघाटचा गिरणी कामगारांचा संघ. दहा मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गोलानं पुढं होतो. आमचा कॅप्टन घनश्याम स्टॉपर खेळे. रेल्वेच्या फाटकावर तो गेटमन होता. उंच, कमी बोलणारा, आणि बचावात भिंतीसारखा. बॉल त्याच्या पायात आला, समोर मैदान मोकळं दिसलं, आणि मधल्या रेषेपाशी उभे असलेले रूपरावजी ओरडले, "घनश्याम, समोर जा."

दुसरा गोल झाला की ढाल पक्की, असं त्यांना वाटलं असणार. घनश्याम गेला. तीस-चाळीस पावलांवर बॉल त्याच्याकडून सुटला, हिंगणघाटच्या पोरांनी दोन पासमध्ये तो आमच्या गोलपाशी आणला, आणि भिंतीची जागा रिकामी होती. एक-एक झालं. त्यानंतर आमचे पायच उचलेनात. शेवटच्या मिनिटाला दुसरा गोल बसला.

संध्याकाळच्या पॅसेंजरची वाट पाहत आम्ही पुलगावच्या प्लॅटफॉर्मवर बसलो होतो.  रूपरावजी येरझारा घालत होते. मग ते घनश्यामसमोर येऊन थांबले आणि प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ढाल आपल्या हातात होती. याच्या पायातून गेली. आपली जागा सोडून हा समोर कायले गेलता, इचारा याले."

घनश्यामनं मान वर केली. तो रूपरावजींकडं पाहत राहिला, मग त्यानं आमच्याकडं पाहिलं. ती हाक संघातल्या प्रत्येकानं ऐकली होती. मी तर त्यांच्यापासून वीस पावलांवर होतो. त्याची नजर माझ्यावर आली तेव्हा मी खाली वाकलो, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"बरं, रूपरावजी," घनश्याम एवढंच म्हणाला.

पुढच्या सरावाला तो आला नाही. रूपरावजींनी त्याला बोलावलं नाही. आम्हीही कोणी फाटकावर गेलो नाही.

त्या वर्षीचा दसरा गेला, बंड्या आल्या, कापसाचा हंगाम झाला. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात रूपरावजी नवीनच विचार घेऊन आले. एकानं जागा सोडली म्हणून ढाल गेली, तर आता कोणी जागा सोडणारच नाही, असा तो विचार. जिनाच्या फरशीवर त्यांनी खडूनं मैदान काढलं, त्यात अकरा चौकोन, प्रत्येक चौकोनात एक नाव.

"आपला चौकोन सोडाचा नाई," ते म्हणाले. "बॉल आला का पाय ठेवून थांबाचं. मी आवाज देईन. ज्याचं नाव घेईन त्याले द्याचा. समजलं?"

समजलं, असं आम्ही म्हणालो. आदल्या वर्षी प्लॅटफॉर्मवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्यानं सांगितलेलं ऐकलं त्याचंच तसं झालं, तर न ऐकणाऱ्याचं काय होईल?

पहिल्या दोन मॅच शून्य-शून्य गेल्या. तिसरी हरलो, चौथीही हरलो. आम्ही फार गोल खात नव्हतो, पण करतही नव्हतो. प्रेमदास मडावी आमचा राइट आउट. हिंगणीच्या जंगल डेपोत लाकडं मोजण्याचं काम करे, आणि कडेनं सुटला की त्याला पकडायला सायकल लागेल असा पळे. तो आता आपल्या चौकोनाच्या रेषेवर येऊन थांबायचा. बॉल पुढं घरंगळत बाहेर जायचा आणि प्रेमदास रूपरावजींकडं पाहत उभा.

रूपरावजींनी कारण शोधलं. आधी ठरवलं, नवा स्टॉपर कच्चा आहे. तो बदलला. दुसराही बदलला. मग ठरवलं की सेंटर फॉरवर्डमध्ये दम नाही. तेवढ्यात आमच्या स्टेशनवर कामठीहून एक तिकीटबाबू बदलून आला. कामठी म्हणजे फुटबॉलचं गाव. हा माणूस पायात बॉल बांधून ठेवल्यासारखा खेळे. पहिल्या सरावाला त्यानं आमच्या चौघांना चकवून गोल केला आणि रूपरावजींचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांनी तोही बॉलवर पाय ठेवून आवाजाची वाट पाहत उभा राहू लागला.

रेचा बिघडला तर रूपरावजी नुसता कान देऊन सांगत की कोणती बेअरिंग गेली. दुसऱ्यानं केलेला घोटाळा त्यांना लांबूनच दिसे. इथं मात्र ते अकराही जण एकेक करून तपासत होते आणि बिघाड सापडत नव्हता. कारण तपासताना ते स्वतः नेहमी मैदानाबाहेर उभे असत.

आम्हाला ते विचारत नव्हते असंही नाही. "काय चुकून राह्यलं, सांगा," असं ते दर मॅचनंतर म्हणत. आणि आम्ही म्हणायचो, "सराव कमी पडते, रूपरावजी." मग ते सराव वाढवत. त्यांना जे ऐकायचं होतं तेच सांगणारी माणसं आता संघात उरली होती, आणि त्यात मीही होतो.

ऑगस्टअखेर आंजी मोठीला एक स्पर्धा होती. पहिल्या मॅचला रूपरावजी ओरडत ओरडत दोनदा मैदानात शिरले. रेफ्रीनं ताकीद दिली. तिसऱ्यांदा शिरले तेव्हा पंचांनी सांगितलं, पुढच्या मॅचला तुम्ही रेषेपाशी उभं राहायचं नाही, बसायचं तर लोकांत बसा. त्यांना फार लागलं. दोन दिवसांनी ते गोलच्या मागं, बांधावर बसलेल्या गावकऱ्यांत जाऊन बसले. पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं.

शेजारी महादेवराव नावाचे आंजीचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. भुईमुगाचे फल्लीदाणे सोलत होते. रूपरावजींना ते ओळखत नव्हते. मध्यंतरानंतर खेळ सुरू झाल्यावर त्यांनी दाण्यांची पुडी पुढं केली आणि विचारलं, "तुमी कुठचे?"

"सिंदीचा."

"मंग हे तुमच्याच गावचे पोट्टे. एक सांगा मले. बॉल पायात आला का हे सारे तिकडं काऊन पाहून राह्यले? तिथं तं कोणीच नाई."

रूपरावजींनी पाहिलं. मधल्या रेषेपाशी, जिथं ते चौदा वर्षं उभे राहत आले होते, तिथं पाण्याची एक बादली होती. तेवढ्यात बॉल तिकीटबाबूकडं आला. त्यानं पाय ठेवला, मान वळवली, बादलीकडं पाहिलं. बॉल गेला. मग माझ्याकडं आला. मीही तेच केलं. त्या दिवशी आम्ही तीन गोलांनी हरलो, आणि रूपरावजींनी प्रत्येकाची मान वळताना मोजली नाही तरी पाहिली. 

आता कारण कळलं, म्हणजे दुरुस्ती सोपी, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी सरावाला त्यांनी आम्हाला उभं केलं आणि त्याच आवाजात सांगितलं, "आजपासून माह्याकडं कोणी पाहाचं नाई. आपापल्या मनानं खेळाचं."

खेळ सुरू झाला. बॉल प्रेमदासकडं गेला. तो थांबला. त्याला पाहायचं तर होतं, पण मनाई होती, म्हणून तो जमिनीकडं पाहत म्हणाला, "रूपरावजी, मनानं म्हणजे आत घेऊ का कडेनं नेऊ?"

"तुह्या मनानं, म्हणलं ना."

आवाज असा आला की जिनाच्या छपरावरचे पारवे उडाले. आम्ही सगळे आपापल्या जागी थिजलो. खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

मग त्यांनी न बोलायचं ठरवलं. दुपट्टा तोंडाभोवती गुंडाळून ते रेषेपाशी उभे राहू लागले. आम्ही त्यांच्या कपाळावरून ओळखू लागलो. आठी पडली की पास चुकला, भुवई वर गेली की समोर मारायचा. आधी निदान शब्द तरी कळत, आता अंदाज बांधावा लागे. त्या आठवड्यात आम्ही सेलूच्या शाळा सोडलेल्या पोरांकडूनही हरलो. त्या वर्षी पुलगावला आम्ही नावच दिलं नाही.

धुरपताबाई मॅच पाहायला कधी येत नसत, पण त्यांच्या घरावरून सगळं गाव जाई, त्यामुळं त्यांना सगळं ठाऊक असे. एका रविवारी दुपारी रूपरावजी जेवता जेवता ताटात बोटानं चौकोन काढत बसले होते. धुरपताबाईंनी पोळी वाढायची थांबवली.

"पोट्टे भ्याले तुम्हाले," त्या म्हणाल्या.

"म्या कोणाले हात लावला का कधी?"

"घनश्यामचं जे केलं ते सारं गाव सांगते मले. तुमीच तेवढं सांगत नाई."

"तो जागा सोडून गेलता."

"कोणाच्या सांगण्यानं?"

रूपरावजी ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. मनाशी त्यांनी वर्षभर एक गोष्ट धरून ठेवली होती. आपण 'समोर पाह्य' म्हणालो, आणि घनश्यामनं 'समोर जा' असं ऐकलं. इतक्यांदा त्यांनी ती स्वतःला सांगितली होती की ती खरीच वाटू लागली होती.

सोमवारी सकाळी ते पोस्टात आले. मी टपालावर शिक्के मारत होतो. त्यांनी एक आंतर्देशीय पत्र मागितलं, हातात घेतलं, आणि तिथंच उभे राहिले.

"चंद्रभान," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला पहिल्यांदा साध्या माणसासारखा वाटला. "पुलगावले तू माह्याजवळच होता. मी काय म्हणलं होतं? समोर पाह्य का समोर जा?"

माझा हात शिक्क्यावर तसाच राहिला. एक वर्ष मी या प्रश्नाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये असंही म्हणत होतो.

"समोर जा म्हणले होते तुमी."

"पक्कं?"

"पक्कं. साऱ्याइनं ऐकलं."

त्यांनी पत्राचे पैसे काउंटरवर ठेवले. "मंग तवाच काऊन नाई बोलला?"

"भेव वाटलं."

"माह्यं?"

"हो."

त्यांनी पत्र खिशात घातलं आणि ते गेले. मला वाटलं, आता माझी जागाही गेली. पण खरं सांगतो, छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्या दिवशीचे शिक्के मी फार नीट मारले.

ते पोस्टातून थेट फाटकावर गेले. वर्षभर ते रोज दोनदा त्या फाटकातून जात होते. घनश्याम दिसला की सायकलची घंटी वाजवत, तो मान हलवी, बस. त्या दिवशी ते सायकलवरून उतरले. मालगाडी येत होती. घनश्यामनं फाटक लावलं होतं आणि हिरवी झेंडी घेऊन तो उभा होता. गाडी जाईपर्यंत दोघंही तसेच उभे राहिले.

गाडी गेल्यावर रूपरावजी म्हणाले, "घनश्याम, चूक माही होती. समोर जा म्याच म्हणलं होतं."

घनश्यामनं झेंडी गुंडाळली, फाटक उघडलं, थांबलेल्या दोन बैलबंड्या जाऊ दिल्या. मग म्हणाला, "हे मले सांगून काय उपेग, रूपरावजी? मले तं माहीतच होतं. ज्याइले माहीत असून माहीत नसल्यावाणी करावं लागलं, त्याइले सांगा."

रूपरावजींनी विचारलं, "तू येशीन?"

"तुमी सांगाल तर येईन ऐकाले."

बुधवारी जिनाच्या मागं आम्ही सगळे जमलो. रूपरावजींनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. पाळी सुटलेले जिनातले चार-पाच कामगारही येऊन उभे होते. घनश्याम मागं, एका उलट्या टोपल्यावर बसला होता. रूपरावजी बोलू लागले, पण काय बोलत होते ते पुढच्या दोघांनाच कळत होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं, रूपरावजी."

त्यांना मोठ्यानं बोला असं सांगण्याची वेळ त्यांच्या आयुष्यात कधी आली नसावी. सगळ्यांना हसू आलं. तेही हसले, आणि त्यानंतर त्यांना बोलणं जमलं. फायनलमध्ये घनश्यामला समोर आपण पाठवलं, गोल झाल्यावर आपल्याला लाज वाटली, ती लाज त्याच्यावर टाकली, आणि मग तेच खरं आहे असं धरून वर्षभर चौकोन काढत बसलो, असं त्यांनी सांगितलं. "तुमच्यात काही बिघडलं नाई," ते म्हणाले. "बिघाड मी करून राह्यलो होतो, आणि दुरुस्त बी मीच करत होतो. मंग दुरुस्त होईल कसं?"

 मग प्रेमदासनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"मले कडेनं पळाले आवडते," तो म्हणाला. "तुमी चौकोनात उभं करता तं माहे पाय दुखतात."

तिकीटबाबू म्हणाला की आपण पास देण्याआधी आवाजाची वाट पाहतो, तोवर समोरचा येऊन पोचतो. गोलकीपर म्हणाला की रूपरावजी ओरडले की त्याला बॉल दिसतच नाही. एकेक जण बोलू लागला. काही गोष्टी चुकीच्या होत्या, काही कडू होत्या. रूपरावजींची कानशिलं लाल झाली होती. ते दोनदा बोलायला गेले आणि दोनदा थांबले. मीही उठलो आणि घनश्यामला म्हणालो की मला माहीत होतं आणि मी नाडी बांधत बसलो. घनश्याम म्हणाला, "पाह्यलं म्या." त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

शेवटी रूपरावजींनी त्याला विचारलं, "कॅप्टन होशीन का पुन्हा?"

"होतो. पण एक गोष्ट आहे. सराव तुमी घ्या, टीम तुमी निवडा. मॅचच्या दिवशी रेषेपाशी उभं नाई राह्याचं. लोकाइत बसा. आणि कुठं बसले ते आमाले सांगू नका."

"ते काऊन?"

"माहीत असलं तं आमी पाहूच."

रूपरावजींनी थोडा विचार केला आणि मान हलवली. घरी जाताना माझे पाय इतके हलके झाले होते की मी उगाच दोन गल्ल्यांचा फेरा घेतला.

एवढ्यावर सगळं सुधारलं असं नाही. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात सराव सुरू झाला तेव्हाही बॉल पायात आला की मान आपोआप वळे. लागलेली सवय एका सभेनं जात नाही. पहिल्या दोन मॅच आम्ही मान वळवण्यातच घालवल्या. पण दर मॅचला रूपरावजी वेगळ्याच ठिकाणी असत. कधी झाडाखाली, कधी पोरांच्या गर्दीत, एकदा तर हिंगणघाटवाल्यांच्या घोळक्यात. शोधून सापडत नसत, आणि शोधायला वेळही नसे. हळूहळू आम्ही एकमेकांना हाका मारू लागलो. मैदानात इतकी वर्षं एकच आवाज असायचा, आता अकरा होते. सुरुवातीला मला त्या गलक्याची भीतीच वाटली.

रूपरावजींनाही ते सोपं गेलं नाही. सेलूच्या एका मॅचला ते ओरडायला उठले होते, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसानं "बसा ना भाऊ, दिसत नाई" म्हणून त्यांना खाली ओढलं. हे सांगताना ते स्वतःच हसत.

सप्टेंबरात पुलगावची सेमीफायनल. एक-एक अशी बरोबरी, दहा मिनिटं उरलेली. घनश्यामनं बॉल अडवला आणि समोर पाहिलं. मैदान मोकळं होतं. या वेळी कोणी हाक मारली नाही. तो स्वतःच निघाला. मी त्याची रिकामी जागा पाहिली आणि डावी कड सोडून मधे सरकलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. वर्षापूर्वी मी माझ्या चौकोनात उभा राहिलो असतो. घनश्यामनं एकाला चकवलं, दुसरा अंगावर येताना बॉल उजवीकडं लांब टाकला. प्रेमदास कडेनं सुटला. कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यानं बॉल उंच आत टाकला आणि तिकीटबाबूनं डोक्यानं तो जाळीत घातला.

त्यानंतरची दहा मिनिटं फार लांब होती. दोनदा समोरचे आत घुसले, एकदा मी बॉल रेषेवरून काढला. एकानंही मान वळवून बाहेर पाहिलं नाही. हे मला मॅच संपल्यावर लक्षात आलं.

शिट्टी वाजली आणि आम्ही रूपरावजींना शोधू लागलो. ते कुठं बसले आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. सगळं मैदान रिकामं व्हायला आलं. शेवटी घनश्यामला ते आलूबोंड्याच्या गाडीपाशी सापडले. पुलगावच्या तीन-चार लोकांत उभे राहून ते आलूबोंडा खात होते आणि ते लोक त्यांना आमचा स्टॉपर किती चांगला आहे ते समजावून सांगत होते. रूपरावजी ऐकत होते. ओठांवर चटणी लागली होती.

"तुमी कोण ते सांगितलं नाई याइले?" घनश्यामनं हळूच विचारलं.

"कायले?" ते म्हणाले. "पंधरा वर्षात आज पहिल्यांदा म्या मॅच पाह्यली. सुखानं पाहू दे."

मग त्यांनी घनश्यामला विचारलं, तू समोर गेला तेव्हा भेव वाटलं का. घनश्याम म्हणाला, वाटलं. "मले बी," रूपरावजी म्हणाले. "माह्या तोंडावर म्या हात ठेवला होता." आणि त्यांनी हात दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी दातांचे वण उमटलेले होते.

दुसऱ्या दिवशीची हिंगणघाटविरुद्धची फायनल बरोबरीत सुटली, जादा वेळही बरोबरीत गेला, आणि पंचांनी ढाल दोन्ही संघांना सहा-सहा महिने वाटून दिली. पहिले सहा महिने हिंगणघाटचे. आम्हाला ती मार्चात मिळाली, तेव्हा मैदानात कापसाच्या बंड्या उभ्या होत्या आणि फुटबॉलचा हंगाम नव्हता. रूपरावजींनी ती जिनाच्या ऑफिसात न ठेवता फाटकावरच्या घनश्यामच्या खोलीत ठेवली. जाणारे-येणारे बंडीवाले थांबून पाहून जात. धुरपताबाई पहिल्यांदाच फाटकापर्यंत चालत आल्या, ढाल पाहिली, आणि म्हणाल्या की अर्ध्या वर्षासाठी बरी आहे, पुसायला फार मोठी नाही.

पुढं चार-पाच वर्षं संघ चांगला चालला. कधी जिंकलो, कधी हरलो. हरल्यावर भांडणं होत, पण ती मैदानातच होत आणि मैदानातच संपत. त्र्याऐंशीला रूपरावजींचा डोळा अधू झाला, तेव्हा त्यांनी संघ घनश्यामकडं दिला. स्वतः बॉल शिवायचं काम ठेवलं, आणि सरावाला येऊन बाकावर बसायचं.

घनश्याम खेळाडू म्हणून कमी बोलणारा होता. मॅनेजर झाला आणि बोलू लागला. पंच्याऐंशीच्या ऑगस्टात एका सरावाला तो रेषेपाशी उभा राहून सारखा सांगत होता, याला दे, तिकडं मार, मागं ये. मी तेव्हा खेळणं सोडलं होतं, रूपरावजींच्या शेजारी बसलो होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. रूपरावजी उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

मैदानातला नवा हाफ, गावातल्याच देवकाबाईंचा मुलगा, बॉल पायात घेऊनच थांबला आणि म्हणाला, "घनश्यामभाऊ, दोन मिनटं गप ऱ्हाजो ना. पाहून राह्यलो मी."

घनश्याम गप्प झाला. त्या हाफनं पाहिलं, आणि त्याला वाटलं तिकडं बॉल दिला. तो चुकीच्या जागी गेला. कोणी काही म्हणालं नाही, खेळ पुढं चालू राहिला.

घनश्याम रेषेपासून मागं आला. रूपरावजी बाकावर थोडे बाजूला सरकले आणि तो त्यांच्या शेजारी बसला. मग लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सराव ठेवायचा की सुट्टी द्यायची, यावर ते दोघं बोलत बसले.